चष्मा घरी राहिलाय, मॅडम

लातूरची आहे म्हटलं की बाहेरगावचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत ‘पॅटर्न’वर येतो. त्याचंही बरोबर आहे. दहावी-बारावीच्या निकालात लातूरचं नाव झालं, मग नीट-जेईईचं झालं, आणि आता संध्याकाळी ट्यूशन एरियात पाय ठेवायला जागा नसते. कुठून कुठून आलेली पोरं पाठीला दप्तर लावून चहाच्या गाड्यावर उभी असतात. या पोरांना दोन वेळचं जेवू घालणाऱ्या मेसमधली मावशी मात्र पगाराच्या वहीवर अंगठा उठवते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर गेली होती. लातूर ७७ आणि नांदेड ७५ टक्क्यांच्या आसपास घुटमळत होतं. निकालाच्या बातम्यांत हे आकडे कुणी छापत नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माहेर लातूर, सासर नांदेड, त्यामुळं अहमदपूर-लोहा रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ओळखीचा. बरीच वर्षं रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून जाते. त्यातूनच पुढं जळकोट-मुखेडकडच्या बायकांच्या गटांशी गाठ पडली. आठवड्यातून एकदा समोरासमोर बैठक, बाकीचे दिवस फोनवर धडे, अशी आमची पद्धत. सरकारी परिपत्रकात तिला भारदस्त नाव आहे. गावात ‘मॅडमचा फोन’ म्हणतात. त्या फोनानं मला जे शिकवलं, त्यातलं थोडं इथं मांडते. तुमच्याकडं याहून वेगळं काही निघेल, आणि ते बहुधा जास्त खरं असेल.

१. शिकायला येणारं मोठं माणूस रिकामं येत नाही. हे वाक्य मी भाषणांतून पुष्कळदा वापरलंय, टाळ्याही घेतल्यात. त्याचा अर्थ कळला तो एका बचत गटाच्या बैठकीत. अक्षरओळखीचा धडा बाजूलाच राहिला आणि कर्जाचा विषय निघाला. कुणीतरी शेकडा दोननं तीन हजार उचललेले, दोन महिन्यांनी त्यातले हजार फेडलेले. पाच महिन्यांचं व्याज किती? मी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर शोधत होते. तोवर भिंतीला टेकून शेंगा सोलणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, “दोनशे चाळीस.” मी आकडे दाबले. दोनशे चाळीस. “मॅडम, हिसेब आमाला येतो. तो कागदावर कसा बसवायचा तेवढं सांगा.” माझ्या पिशवीतल्या प्रवेशिकेच्या पुस्तकात पहिला धडा अक्षरांचा होता आणि अंक बरेच पुढं. पुढं कधीतरी क्यूबाच्या ‘यो सी पुएदो’ या पद्धतीबद्दल वाचलं. ‘हो, मला जमतं’ असा त्या नावाचा अर्थ. लिओनेला रेलिस या शिक्षिकेनं ती बसवली. चित्रफितीवरचे ६५ पाठ आणि शेजारी बसणारा गावातलाच एक मदतनीस, एवढाच सरंजाम. त्यात प्रत्येक अक्षराला एक आकडा जोडलेला असतो, कारण न शिकलेल्या माणसालाही आकडे ओळखीचे असतात. २००६ साली या पद्धतीला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. वाचताना मला त्या शेंगा सोलणाऱ्या मावशी आठवल्या आणि थोडा मत्सरही वाटला. हे आपल्याकडं कुणाला सुचलं नसतं का? शेकडा दोनचं व्याज तर आपल्याकडं तोंडपाठ आहे.

२. घरात फोन आहे याचा अर्थ बाईकडं फोन आहे असा होत नाही. आम्ही गटातल्या सगळ्यांचे नंबर मोठ्या हौसेनं वहीत उतरवले होते. सकाळी लावला की नवरा उचलायचा, दुपारी लावला की तो रानात आणि फोन त्याच्या खिशात, संध्याकाळी लावला की “फोन पोरगं घेऊन गेलंय उदगीरला.” आमचे सुंदर तीन-तीन मिनिटांचे व्हिडिओ कुणाच्या तरी मुलाच्या फोनवर पडून राहायचे, आणि जागा भरली की पहिली गदा त्यांच्यावरच यायची. एकीच्या नातवानं मला सरळ सांगितलं, “ते क ख ग वालं? ते मी डिलीट केलं, गेम बसंना.” बाईच्या हाती फोन यायचा तो रात्री, भांडी घासून झाल्यावर, साडेनऊच्या पुढं. मग आमचा वर्गही साडेनऊला भरू लागला. १८५५ साली जोतीरावांनी पुण्यात राबणाऱ्या माणसांसाठी रात्रशाळा काढली, त्यामागचा हिशेब हाच असणार: ज्याचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा आहे, त्याला रात्रीच गाठावं लागतं. आम्ही जवळपास पावणेदोनशे वर्षांनी, इंटरनेट लावून, तिथंच पोचलो.

३. ज्या यंत्रामुळं या बायका वाचू लागतील असं मला वाटत होतं, त्यानं त्यांना वाचण्यापासून सुट्टी दिली. व्हॉट्सॲपवर गट केला तेव्हा माझ्या मनात चित्र होतं: हळूहळू अक्षरं उमटतील, मग शब्द, मग ‘मॅडम नमस्कार’. झालं असं की दोन दिवसांत सगळ्यांनी माइकचं बटण शोधून काढलं आणि गटावर आवाजांचा महापूर आला. कोंबड्या, भांडी, टीव्हीवरची मालिका आणि मधूनच “काय करायलाव मॅडम, जेवलाव का?” लिहायची गरजच उरली नाही. मी खट्टू झाले. नंतर जरा शांतपणे विचार केला तर प्रश्न माझ्याकडंच वळला: जे बोलून भागतं ते लिहायचं कशाला? तेव्हा आवाजानं जे भागत नाही, ते शोधायला लागलो. बँकेचं पासबुक बोलत नाही. दवाखान्यातली चिठ्ठी बोलत नाही. आणि एसटीची पाटी बोलत नाही.

एसटीचं जरा सविस्तर सांगायला हवं. नांदेड जिल्ह्यात मुखेड आहे आणि मुदखेडही आहे. दोन्ही तालुक्याची ठिकाणं, दोन्ही वेगळ्या दिशांना. नांदेडच्या स्टँडवर उभं राहून पाटी बघितली तर दोन नावांत फरक फक्त मधल्या ‘द’चा. वाचता न येणारं माणूस इतरांना विचारून चढतं, आणि गर्दीत कुणी तोंडातल्या तोंडात सांगितलं तर मुखेडला निघालेली बाई मुदखेडच्या रस्त्याला लागते. आमच्या गटातल्या एका काकूंच्या बाबतीत हे झालेलं होतं, तेही लग्नाला जाताना, आहेराची पिशवी मांडीवर घेऊन. त्यांनी शिकलेलं पहिलं अक्षर ‘अ’ नव्हतं, ‘ग’ नव्हतं, ‘द’ होतं. प्रवेशिकेच्या क्रमाला ते धरून नाही, पण काकूंना प्रवेशिका पार करायची नव्हती, मुखेडला जायचं होतं. पुढच्या बैठकीला आम्ही सगळ्या पाट्याच घेऊन बसलो: लोहा, कंधार, देगलूर, अहमदपूर, उदगीर. ‘कंधार’वर फार वेळ गेला. किल्ला बघितलेला, पण त्याच्या नावात डोक्यावर टिंब असतं हे कुणाला पटेना.

४. पुरुषांची लाज बायकांच्या लाजेपेक्षा खोल असते. बाई म्हणते, “मला नाही येत, आमच्या बापानं शाळेत घातलंच नाही,” आणि मोकळी होते. पुरुष म्हणतो, “चष्मा घरी राहिलाय, मॅडम, तुम्हीच वाचा.” अभ्यासकेंद्राच्या खिडकीशी आलेल्या कितीतरी जणांनी हे वाक्य मला ऐकवलंय. बहिणीचा, मुलीचा फॉर्म भरायला आलेले धडधाकट, चांगली शेती असलेले, पंचायतीत चार माणसांत बोलणारे. साक्षरतेच्या वर्गात पुरुष फार थोडे येतात, आणि जे येतात ते दाराशी बसतात, म्हणजे कुणी विचारलं तर ‘बायकोला सोडायला आलतो’ म्हणता येतं. फोनवरच्या शिक्षणाचा खरा उपयोग मला इथं दिसला. कानात तार घालून बांधावर बसलेला माणूस गाणी ऐकतोय की बाराखडी, हे कुणाला कळतंय? आमच्या एका गावातला ट्रॅक्टरवाला असाच शिकला. त्याच्या बायकोलाही ते उशिरा कळलं.

आता चष्म्याची दुसरी बाजू. एक आजी अक्षरं ओळखताना सारख्या अडखळायच्या. फळ्यावरचं बरोबर, पुस्तकातलं चूक. मी मनातल्या मनात त्यांना ‘मंद’ या रकान्यात टाकून मोकळी झाले होते. एका आठवडी बाजारात त्यांच्या सुनेनं गाड्यावरून वाचायचा चष्मा घेतला, नंबरबिंबर न काढता, दोन-तीन लावून बघून जो बरा वाटला तो. पुढच्या बैठकीला आजींनी पान धडाधडा वाचलं. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः तो चष्मा नाकावर ठेवूनच शिकवत होते. प्रौढांच्या वर्गात पाटी-पेन्सिलीच्या आधी डोळे तपासायला हवेत, ही गोष्ट एवढी साधी आहे की कुठल्याच आराखड्यात तिला जागा मिळत नसावी.

५. यंत्रावरून शिकवण्याचा जन्म करोनात झाला असं मला वाटायचं, आणि तसं मी वर्गात सांगतही होते. मग हाती लागली १९५६ सालची गोष्ट. आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत एक प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा ग्रामीण कार्यक्रम. पण कार्यक्रम हा निम्माच भाग. प्रत्येक गावात एक श्रोता मंडळ केलं होतं. पंधरा-वीस माणसं एकत्र बसून ऐकायची, रेडिओ बंद झाला की त्यावर वाद घालायची, आणि त्यांचे प्रश्न केंद्राला कळवले जायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पॉल न्यूरथ यांनी त्याचा अभ्यास केला. जिथं मंडळ बसायचं तिथल्या लोकांची माहिती भराभर वाढली. नुसता रेडिओ असलेली गावं बरीच मागं राहिली. ऐकणाऱ्यांत निरक्षरही होते, आणि चर्चेत त्यांचं कुठं अडलं नाही. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, उपग्रहावरून खेड्यांत दूरदर्शन दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे चोवीसशे गावं त्यात होती. महाराष्ट्र नव्हता, पण उदगीर-निलंग्यापासून जवळचा गुलबर्गा जिल्हा होता. तिथंही टीव्ही सार्वजनिक, गावानं मिळून बघायचा.

हे वाचून मी आमच्या गटांकडं नव्यानं बघितलं. ज्या वाड्यात चार-पाच जणी एका फोनभोवती कोंडाळं करून बसतात, तिथं शिकणं पुढं जातं. जिथं प्रत्येकीनं आपापल्या घरी, आपापल्या वेळेला बघायचं ठरतं, तिथं तिसऱ्या आठवड्यात सगळं थंड होतं. फोन भारीतला आहे की साधा, याचा याच्याशी संबंध नाही. पाचवीतली नात शेजारी बसून “आज्जे, ती वेलांटी उलटी काढलीस” म्हणते, तेव्हा ती आमच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त काम करते. नातीला कुणी मानधन देत नाही, यादीत तिचं नाव नसतं. २०२२ ते २०२७ या काळातला ‘उल्लास’ हा सरकारी साक्षरता कार्यक्रम सगळा स्वयंसेवकांवर उभा आहे. पण कागदावर स्वयंसेवक म्हणून ज्या शिकलेल्या तरुणाचं नाव असतं तो पुण्याला कंपनीत असतो, आणि प्रत्यक्ष काम ही फ्रॉकवाली करते.

६. धड्यातला आवाज कुणाचा असावा, यावर मी अजून ठाम नाही. आमच्याकडं आलेले तयार ध्वनिमुद्रित पाठ स्वच्छ, गोड, पुणेरी मराठीत होते. पहिला पाठ संपल्यावर एकीनं विचारलं, “ही बाई बातम्या द्यायलीय का शिकवायलीय?” मला वाटलं, सापडलं दुखणं. इथं तांड्यावर घरात गोरमाटी, धर्माबादकडं तेलुगू, देवणीकडं कानात कन्नड, नांदेड शहरात दखनी. त्यांना हे कसं रुचावं? आम्ही गटातल्याच एका बोलक्या बाईच्या आवाजात पाठ तयार केले, अस्सल आमच्या भागातल्या बोलीत. मी खूश. गट नाखूश. “आमचंच बोलणं आमाला काय शिकवायलाव?” त्यांचं म्हणणं असं: तहसीलमध्ये, बँकेत, दवाखान्यात जी भाषा ऐकून छातीत धडधडतं, ती शिकायला आम्ही येतो. घरची भाषा घरी आहे. मी बोलीच्या बाजूनं चार लेख लिहिलेली बाई, निरुत्तर झाले. शेवटी दोन्ही आवाज ठेवले. आधी बातम्यावाली बाई, मग आमची, तिची नक्कल करत. नकलेला हशा पिकतो आणि धडाही डोक्यात राहतो.

कचेरीच्या भाषेची ही धडधड आमच्या घरानंही बघितलीय. माझे आजोबा निजामाच्या अमलात शिकले. फर्डी उर्दू वाचायचे, ‘सियासत’चे जुने अंक जपून ठेवायचे, देवनागरीत मात्र सहीपुरते. १७ सप्टेंबर १९४८ला तो अंमल संपला आणि अर्ज मराठीत लिहायची वेळ आली, तेव्हा तेही म्हणे शेजाऱ्याकडं कागद घेऊन जायचे आणि चष्म्याचं कारण सांगायचे.

७. गावाचं वर्ष आणि कार्यक्रमाचं वर्ष एका दिवशी सुरू होत नाही. मुखेड, कंधार, जळकोटकडच्या गावांतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, लहान पोरं सोबत, म्हातारी माणसं गावात. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. नवसाक्षरांची चाचणी होते ती मार्चमध्ये: २०२४ साली १७ मार्चला झाली, २०२५ साली २३ मार्चला. त्या वेळी फड अजून चालू असतो. ज्यांच्यासाठी दूरशिक्षण खरोखर दुरून व्हायला हवं, ते हेच लोक. आम्ही प्रयत्न केला. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, वीज नसते, फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर नाहीतर रस्त्यावरच्या हॉटेलात चार्ज होतो, पहाटे तीनला उठलेली बाई रात्री आठला झोपते. आमच्या साडेनऊच्या वर्गाला ती कुठून येणार? सहा जोड्यांपैकी एकीनं जरा तग धरला. ती सांगलीकडून आवाज पाठवायची. आणि तिच्या बाबतीत मी आवाजाबद्दल कुरकुर केली नाही. तिला हवं होतं एकच: मुकादमाच्या वहीतलं आपल्या नावापुढचं लिहिलेलं वाचता येणं. ते तिला आलं. वाचून पुढं काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

८. बाकावर बसण्याची हौस हा शिक्षणाचा भाग आहे, याचा अभ्यासक्रमात कुठं उल्लेख नसला तरी. मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. नांदेडला त्याचं विभागीय केंद्र आहे. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला, तेव्हा कितीतरी अंगणवाडीवाल्या, शिपाई, होमगार्ड, पोरांची लग्नं उरकलेल्या बायका आल्या. पुस्तकं अशी लिहिलेली की लेखक समोर बसून बोलतोय. घरी वाचून भागावं, हाच तर त्यांचा हेतू. तरी ही मंडळी संपर्क सत्राला यायची. लग्नसराई, पेरणी, यात्रा सोडली तर न चुकता. एकदा एका होमगार्डला म्हटलं, हा घटक पुस्तकात सगळा आहे, तीस किलोमीटरवरून येण्याचा त्रास कशाला? तो म्हणाला, “वर्गात बसायचं राह्यलं होतं.” त्यानंतर मी हजेरी मोठ्यानं, पूर्ण नावानं घेऊ लागले. ‘हजर’ म्हणताना चाळिशीतली माणसं उभी राहतात. मी कुणाला उभं राहायला सांगितलेलं नाही.

दहावी ‘सतरा नंबर’नं, म्हणजे बाहेरून, देणाऱ्यांचंही असंच. आई आणि मुलगा एकाच वर्षी बसल्याचं आमच्याकडं कौतुकानं सांगतात. मुलगा किती वैतागलेला असतो ते कुणी सांगत नाही. आई रात्री बीजगणित विचारते, सकाळी डबा देते आणि निकालात तीन टक्के जास्त पाडते.

९. सही शिकली की अंगठा सुटतो, असं नाही. सही हा साक्षरतेचा पहिला सण असतो. आपलं नाव आपल्या हातानं काढलेली बाई तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवते, हे मी बघितलंय. मग ती रेशनला जाते. तिथं यंत्रावर अंगठा. गॅस, निराधारचा पगार, केवायसी, पुन्हा अंगठा, नाहीतर चेहरा. शेतात राबून रेषा झिजलेला अंगठा यंत्राला कळत नाही तेव्हा माणूस तीन-तीनदा तो डोक्याच्या केसांवर घासून लावतो. एका बँकेत तर आमच्या मावशींनी ऐटीत सही केली आणि कारकुनानं स्लिप परत केली: “खात्याला अंगठा आहे, सही चालत नाही. बदलायची तर अर्ज भरा.” अर्ज दोन पानी. मावशींनी तो घरी आणला आणि आमच्या पुढच्या तीन बैठका त्या अर्जावरच झाल्या. ‘खातेदार’, ‘अधोस्वाक्षरी’, ‘नमुना’. एवढे अवघड शब्द एका जागी मिळायला प्रवेशिकेची दहा पानं लागली असती. कारकुनाचे आभार मानायला हवेत की काय, हे अजून ठरत नाही.

१०. माणूस शिकतो ते पुष्कळदा आमच्या वर्गाबाहेर. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लातुरात शाळकरी होते. पुढची काही वर्षं लातूर-धाराशिवच्या गावांत घरं दुरुस्त करण्याचं मोठं काम चाललं. त्यात गावोगावच्या महिला मंडळांमधून ‘संवाद सहायक’ नेमले होते. फारशा न शिकलेल्या बायका घरोघर जाऊन सांगायच्या: भिंत कशानं धरून राहते, सिमेंटात वाळू किती, सरकारची रक्कम किती टप्प्यांत मिळते, इंजिनिअरला काय विचारायचं. हे शिकणं मोजायला कुणी चाचणी घेतली नाही. आजच्या चाचणीत वाचन, लेखन, संख्याज्ञान असे पन्नास-पन्नास गुणांचे तीन भाग असतात, सकाळी दहा ते पाच या वेळात आपल्या सोयीनं येऊन तीन तासांत सोडवायची. चाचणीच्या दिवशी गावच्या शाळेत मजा असते. ठेवणीतली लुगडी, सुनेच्या कडेवर नातू, आणि पर्यवेक्षक म्हणून नातीचेच गुरुजी. शेजारणीचं बघून लिहिणाऱ्या आजीला गुरुजी दटावतात तेव्हा खिडकीतून पोरं टाळ्या पिटतात. ३३ टक्के मिळाले की प्रमाणपत्र. मी त्या प्रमाणपत्रावर नाक मुरडणाऱ्यांतली होते. मग एका घरी ते देवाच्या फोटोशेजारी चौकटीत लावलेलं बघितलं, आणि नाक जागेवर आणलं.

११. जे शिकवलं ते संपलं की पुढचं काय, हे मला विचारू नका. वाचायला आलं, पण वाचायला घरात काय आहे? कॅलेंडर, पाकिटं, लग्नपत्रिका. न वापरलेलं अक्षर दोन पावसाळ्यांत पुसतं. वाचनालय, मोठ्या टाइपातली पुस्तकं, सगळं आम्ही मागून बघितलंय. गटानं मात्र स्वतःच ठरवलं: आता एबीसीडी. कारण फोनवरची बटणं इंग्रजीत, टीव्हीचा रिमोट इंग्रजीत, आणि गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव इंग्रजीत. मोठ्यांसाठी इंग्रजीचं पुस्तक हाताशी नाही. नातवंडांचं आणलं तर त्यात ‘ए’ला सफरचंद, आणि ते बघून सगळ्या रुसल्या. म्हणून सध्या दवाखान्यातून आलेल्या रिकाम्या पाकिटांवर अभ्यास चाललाय. पॅरासिटामॉल बहुतेकींना येतं. पुढं कोणतं पाकीट घ्यायचं यावर गटात दोन तट पडलेत, निम्म्या बीपीवाल्या आणि निम्म्या शुगरवाल्या, आणि या सोमवारच्या बैठकीत त्यावर मतदान आहे.